जंगी पलटणीच्या जवानाचं पत्र

नाशिकरोडला बिटको चौकापासून जरा आत माझं टायपिंगचं दुकान आहे. मराठी टाइपरायटरवर सुरुवात केली, मग श्रीलिपी आली, आता युनिकोड. मुक्त विद्यापीठाचे प्रकल्प, तहसीलचे अर्ज, भाडेकरार, लग्नपत्रिका, दशक्रियेची कार्डं, सगळं माझ्या हाताखालून जातं. पण हा भाग फौजेचा. इकडे आर्टिलरी सेंटर, तिकडे देवळालीला तोफखान्याचं स्कूल. त्यामुळे माजी सैनिकांचं येणंजाणं कायम असतं. पेन्शनचं काम ‘स्पर्श’ पोर्टलवर गेल्यापासून तर नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी रांगच लागते. डिस्चार्ज बुक, पीपीओ, आधार आणि फोनवर येणारा ओटीपी कुणीतरी मोठ्याने वाचून दाखवायचा. या लोकांचं काम मी आधी घेते. ते नेमकं बोलतात, कागद एकावर एक लावून आणतात आणि दिलेल्या वेळेला येतात.

अशाच एका नोव्हेंबरात निफाड तालुक्यातले एक मेजर आले. आमच्याकडे फौजेतून आलेल्या कुणालाही गाव मेजरच म्हणतं. हे नाईक म्हणून निवृत्त झालेले, पंचाहत्तरी ओलांडलेले, घरी द्राक्षं आणि कांदा. हयातीचं काम झाल्यावर त्यांनी पिशवीतून रेघांच्या फुलस्केप कागदांची एक गड्डी काढली. दोन्ही बाजूंनी लिहिलेली, निळ्या बॉलपेननं. वरच्या कोपऱ्यात शाळेतल्यासारखं श्री, मग ‘जय हिंद’, खाली ‘आदरणीय ताईसाहेब यांना सा. न. वि. वि.’

त्यांचे १९७१च्या लढाईतले कंपनी कमांडर वारले होते. त्यांच्या मुलीनं पलटणीच्या जुन्या लोकांच्या व्हॉट्सॲप गटावर निरोप टाकला होता, की वडिलांबद्दल ज्याला जे आठवतं ते कळवा. बाकीच्यांनी आवाजात निरोप पाठवले, कुणी फुलांची चित्रं पाठवली. यांनी पत्र लिहिलं. कमांडर उत्तरेकडचे, मुलीला मराठी येत नाही, म्हणून सोबत हिंदी प्रत जोडायची होती आणि ती माझ्याकडून टाइप करून हवी होती. पाकिटात मूळ मराठी पत्रही जाणार होतं. ताईसाहेबांना ते वाचता येणार नाही, हे त्यांना माहीत होतं. तरी ते गेलंच पाहिजे, असं त्यांचं म्हणणं होतं. का, ते मला पत्राच्या शेवटाकडे कळलं.

मेजरसाहेब, त्यांचे साहेब आणि कुठल्याच कुटुंबाचं नाव मी इथे देत नाही. तशी परवानगी मी मागितली नाही आणि मागणारही नाही. पलटणीचं नाव मात्र सांगते. ती पहिली मराठा लाइट इन्फंट्री, म्हणजेच जंगी पलटण. १७६८ साली उभी राहिलेली ही बटालियन. १९७१च्या डिसेंबरात तिचे कमांडिंग ऑफिसर होते लेफ्टनंट कर्नल कुलदीपसिंग ब्रार. ब्रार हे नाव देशाला माहीत झालं ते पुढे १९८४च्या ऑपरेशन ब्लूस्टारमुळे. पण पलटणीतल्या म्हाताऱ्या जवानांसमोर ते नाव काढलं तर ते जमालपूरचीच गोष्ट सांगतात. त्या लढाईसाठी ब्रार यांना वीरचक्र मिळालं.

गावांची नावं नीट लिहावीत म्हणून मी या मोहिमेचं जे सापडलं ते वाचून काढलं. कमालपूर, बक्षीगंज, शेरपूर, जमालपूर, टांगाईल, ढाका. नकाशात हा उत्तरेकडून ढाक्याकडे उतरणारा रस्ता आहे. जंगी पलटण जिच्यात होती ती ९५ माउंटन ब्रिगेड या रस्त्यानं उतरली. ब्रिगेडियर हरदेवसिंग क्लेर तिचे कमांडर. वाचताना एक गोष्ट माझ्या डोक्यात बसली. या सगळ्या मोहिमेत तोफांच्या बरोबरीनं चिठ्ठ्या चालल्या होत्या. कमालपूरचं ठाणं पाकिस्तानचे एक तरुण कॅप्टन, अहसान मलिक, मूठभर लोकांनिशी लढवत होते. त्यांना क्लेर यांनी शरण येण्यासाठी चिठ्ठ्या पाठवल्या. ४ डिसेंबरला ठाणं पडलं, तेव्हा खुद्द लष्करप्रमुख माणेकशांनी शत्रूच्या त्या कॅप्टनला शाबासकीचा निरोप धाडला. मग जमालपूर. तिथे पाकिस्तानची ३१ बलुच पलटण आणि तिचे कमांडर लेफ्टनंट कर्नल सुलतान अहमद. बांगलादेशच्या मुक्तिवाहिनीचे जहुरुल हक मुन्शी ९ डिसेंबरला क्लेर यांचं पत्र घेऊन त्यांच्याकडे गेले. तुम्ही चारी बाजूंनी वेढले गेलात, शरण या, असा त्याचा आशय होता. सुलतान यांनी उत्तर लिहिलं, की खरी लढाई अजून सुरूच झालेली नाही, पुढच्या खेपेला हातात पेन नको, स्टेनगन घेऊन भेटा. त्या उत्तराच्या कागदात त्यांनी एक गोळी गुंडाळून पाठवली. आणि शेवटी १६ डिसेंबरला सकाळी ढाक्याच्या वेशीवर, मीरपूरच्या पुलापाशी, मेजर जनरल गंधर्व नागरा यांनी पाकिस्तानच्या जनरल नियाझींना एक चिठ्ठी लिहिली, की मी येऊन पोचलोय, तुम्ही स्वाधीन व्हा. दोघं एकमेकांना आधीपासून ओळखत होते. त्याच दिवशी शरणागती झाली आणि ९३ हजार युद्धकैदी भारताच्या ताब्यात आले.

या चिठ्ठ्या आज पुस्तकांत आहेत, कारण त्या साहेबांनी साहेबांना लिहिलेल्या होत्या. माझ्या टेबलावर होतं ते त्याच लढाईतलं जवानाचं पत्र.

पत्रात गोदावरीकाठचा पोरगा पहिल्यांदा ब्रह्मपुत्रा बघतो. पलटण जमालपूरला वळसा घालून देशी नावांतून नदी उतरली आणि शहराच्या दक्षिणेला, ढाक्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर मोर्चे खोदून बसली. म्हणजे शत्रूच्या पाठीमागे जाऊन त्याची परतीची वाट अडवली. हे मी पुस्तकात वाचलं होतं. पत्रात मात्र नदीनंतर दीड पान फक्त वाट बघणं आहे. ओल्या मातीत खोदलेला मोर्चा, गुडघ्याखाली पाणी, धुकं, आणि साहेबांचा हुकूम, की शिट्टी वाजेपर्यंत एकही गोळी सुटता कामा नये.

फायरच्या हद्दीसाठी प्रत्येक मोर्चासमोर दोन खुंट्या ठोकलेल्या असायच्या. अंधारात काही दिसत नसलं तरी रायफल त्या दोन खुंट्यांच्या मधेच फिरवायची, म्हणजे शेजारच्याची आणि आपली गोळी मिळून सगळं मैदान झाकलं जातं. १० तारखेच्या संध्याकाळी साहेब एकेका मोर्चात उतरले. खुंटी हलते का ते हातानं चाचपून पाहिलं. जवानाला डोळे मिटायला लावले आणि विचारलं, डावी खुंटी कुठे, उजवी कुठे, डावीकडच्या मोर्चात कोण, उजवीकडे कोण. ‘मी उजवीकडच्याचे नाव सांगितले. साहेब म्हणाले, पूरा नाम. मी पूर्ण नाव सांगितले. साहेब म्हणाले, गाव? मला गाव सांगता येईना. साहेब म्हणाले, पूछ के आओ.’ मग हा पोरगा रांगत शेजारच्या मोर्चात गेला, गाव विचारून आला आणि साहेबांना सांगितलं. तोवर साहेब तिथेच चिखलात बसून होते.

त्याच ओळीत गावाचं नाव काळ्या शाईत आहे, बाकी सगळं पत्र निळ्या. लिहिताना ते नाव त्यांना परत आठवेना. जागा सोडून ते पुढे लिहीत गेले आणि मग पलटणीतल्या जुन्या माणसांना फोन करत बसले. शेवटी कोल्हापूरकडच्या एका हवालदारांना आठवलं. तेव्हा हाताशी जे पेन होतं त्यानं ते लिहून टाकलं. त्या शेजारच्या जवानाचं काय झालं, असं मी विचारलं. ‘पुढे आहे,’ एवढंच म्हणाले.

प्रत्यक्ष लढाईला पत्रात दोनच ओळी आहेत. रात्री बाराच्या सुमारास रस्त्यावर आवाज आला, शिट्टी झाली, सकाळपर्यंत फायर चालू. बस. ज्या रात्रीसाठी पलटणीच्या नावापुढे जमालपूर लागलं, ती रात्र दोन ओळींत. ३१ बलुचनं त्या रात्री वेढा फोडून ढाक्याकडे निसटायचा प्रयत्न केला आणि ती तुकडी नेमकी मराठ्यांच्या मोर्चांवर येऊन आदळली. पहाटे रस्त्यावर आणि शेतात दोनशेच्या वर प्रेतं होती. ११ डिसेंबरला जमालपूर पडलं. आपलं नुकसान त्या मानानं थोडं होतं. पण थोडं म्हणजे कोण, हे पलटणीला ठाऊक असतं.

त्याच ११ तारखेला दुपारनंतर तिकडे टांगाईलजवळ लेफ्टनंट कर्नल कुलवंतसिंग पन्नू यांची दुसरी पॅरा बटालियन विमानांतून उतरली आणि तिनं पुंगलीचा पूल ताब्यात घेतला. ही बटालियन मुळातली तिसरी मराठा. जमालपूरहून निघालेली पहिली मराठा तिला येऊन मिळाली. बंगालमधल्या एका पुलावर एका बाजूनं साताऱ्या-सांगलीची, नगर-नाशिकची पोरं आणि दुसऱ्या बाजूनंही तीच. या भेटीवर मेजरसाहेबांनी पान भरून लिहिलंय आणि ते लिहिताना त्यांचं अक्षर सुटलंय, मोठं झालंय. कोण कुणाच्या गावचं भेटलं, कुणाचा साडू निघाला, कुणी तंबाखू दिली. हिंदी करताना साडूपाशी मी जरा थांबले. ते म्हणाले, ‘साढू लिहा ताई, त्यांच्यातही असतोच की.’

हिंदी आम्ही मिळून केलं. मी एकेक ओळ वाचायची, ते पलटणीच्या हिंदीत सांगायचे, मी टाइप करायची. फौजेची हिंदी ही पुस्तकी हिंदी नव्हे. तिच्यात क्रियापदं मराठीतली घुसतात, हुकूम इंग्रजीत असतात आणि तरी सगळ्यांना सगळं समजतं. मी मधेच विचारलं, की शुद्धलेखन आणि वाक्यं जरा बघून घेऊ का. ते म्हणाले, ‘हिंदीत तुम्हाला काय करायचं ते करा. मराठीला हात लावू नका. खाडाखोड आहे ती राहू द्या.’ त्यांचा आवाज चढला नाही, पण मी पुन्हा विचारलं नाही.

आता मूळ पत्र पाठवण्याचा हट्ट का, ते सांगते.

शरणागतीनंतर पलटण ढाक्याच्या बाहेर होती. सरकारी तारा घरोघर पोचल्या असणार. कंपनीतून गेलेल्या प्रत्येक जवानाच्या घरी साहेबांना स्वतः पत्र लिहायचं होतं. तारेत नुसतं गेला एवढंच असतं, कसा गेला ते घरच्यांना कळलं पाहिजे, असं ते म्हणाले. पण घरचे मराठी आणि साहेबांना मराठी बोलण्यापुरती यायची, लिहिता यायची नाही. हा जवान आठवी शिकलेला, अक्षर बरं. साहेबांनी त्याला बोलावून घेतलं. साहेब हिंदीत सांगायचे, हा मराठीत कच्चं लिहायचा. मग तो कच्चा कागद समोर ठेवून साहेब ते सगळं पत्र स्वतःच्या हातानं, देवनागरीत, एकेक अक्षर बघून उतरवून काढायचे. ‘मी म्हणालो, साब मी चांगला लिहून देतो, आपण सही करा. साहेब म्हणाले, नहीं, चिट्ठी मेरे हाथ की जाएगी.’

साहेबांना अक्षरं यायची, अडायचा तो ळ. एका जवानाच्या गावाच्या नावातच ळ होता आणि त्याच्या आईबापाला ते नाव चुकलेलं दिसून चालणार नव्हतं. साहेबांनी मेसेज पॅडच्या पाठीमागे पान भरून ळ काढला. मग पत्रात लिहिला. मेजरसाहेबांनी माझ्या दुकानातल्या रफ कागदावर तो ळ काढून दाखवला. मोठा, दोन्ही गोल सुटे, पोटातली रेघ तिरकी. पन्नासहून अधिक वर्षं तो त्यांच्या हातात होता.

कोणकोणती वाक्यं लिहिली, तेही पत्रात आहे. साहेब खोटं लिहू द्यायचे नाहीत. ज्याला जायला वेळ लागला त्याच्या पत्रात ‘तात्काळ’ हा शब्द त्यांनी खोडायला लावला. तो किती वाजता गेला, जवळ कोण होतं, पाणी कुणी दिलं, कुठे अग्नी दिला, हे लिहायचं. ज्याचं गाव विचारायला हा रांगत गेला होता, तो उजवीकडच्या मोर्चातला जवानही याच पत्रांपैकी एक. ‘साहेबांनी मला त्याचे गाव विचारून यायला लावले होते म्हणून पत्यावर मी गाव बरोबर लिहू शकलो.’ हे वाक्य टाइप करताना मी उठून पाणी प्यायले.

पुढच्या वर्षी रजेवर आल्यावर हा जवान त्याच्या घरी गेला. वडील शेतकरी, वाचता न येणारे. त्यांनी पत्र्याची पेटी काढली. त्यात रेशनकार्ड, पेन्शनचे कागद आणि त्यांच्या मधे ते पत्र. तोवर गावातल्या मास्तरांकडून ते कितीदा वाचून घेतलं असेल, तरी म्हणाले, बाळा, तू पलटणीतला, तू वाच. आणि यानं ते वाचलं. सगळी वाक्यं मूळची याचीच, आणि अक्षर साहेबांचं. म्हाताऱ्यानं विचारलं, साहेबांना मराठी येतं का रे एवढं? यानं सांगितलं, ‘हो, साहेबांनीच लिहिलंय.’ पत्रात त्यापुढे लिहिलंय: ‘ताईसाहेब, हे मी खोटे बोललो नाही. साहेबांनीच लिहिले होते.’

आणि मग शेवट: साहेबांनी आमच्या माणसांच्या घरी आमच्या भाषेत हातानं लिहिलं, म्हणून साहेबांच्या घरी मीही माझ्या हातानंच लिहितो आहे, हे आपल्याला वाचता आलं नाही तरी जवळ ठेवावं.

मी आयुष्यभर दुसऱ्यांचं लिहिलेलं स्वच्छ करून देत आले आणि त्या कामाचा मला अभिमान आहे. पण या पत्रापुढे माझं ठाम मत झालं, की काही कागद स्वच्छ करायचे नसतात. हिंदी प्रत मी सुबक केली, समास सोडले, परिच्छेद पाडले. तरी त्या प्रतीत काळ्या शाईतलं गावाचं नाव बाकी शब्दांसारखंच एक शब्द होऊन बसलं. एक माणूस एका मेलेल्या दोस्ताचं गाव पन्नास वर्षांनी फोन करकरून शोधतो, हे टाइप केलेल्या ओळीत कुठे दिसतं? ते कागदावरच दिसतं.

कमांडर कसा होता हे सन्मानपत्रांत लिहिलेलं असतं. ती सन्मानपत्रं खरी असतात, मी त्यांचा मान ठेवते. पण त्यांत खुंटी हातानं चाचपून बघणं येत नाही, आणि ळ गिरवणं तर नाहीच नाही. ते ज्यानं हुकूम पाळला त्याच्याकडेच असतं. त्यानं लिहिलं नाही तर ते गेलंच. पहिल्या महायुद्धात हीच जंगी पलटण, तेव्हाची १०३वी मराठा, इराकमधल्या कुटच्या वेढ्यात अडकली होती. २९ एप्रिल १९१६ला कुट पडलं आणि आपली माणसं तुर्कांच्या कैदेत गेली. त्यांच्या साहेबांच्या आठवणी इंग्रजीत छापलेल्या मिळतात. आपल्या माणसांनी स्वतःच्या हातानं लिहिलेलं काही बघायचं म्हटलं तर कुठे जायचं? त्याच युद्धात फ्रान्समध्ये लढलेल्या भारतीय शिपायांच्या पत्रांचे उतारे उरले, तेही सेन्सॉरनं इंग्रजीत करून घेतले म्हणून. ज्या कागदावर शिपायाचा हात टेकला होता, तो गेला.

१९७१चं तसं होऊ नये, एवढंच मला वाटतं. आणि हे मी नाशिकरोडला बसून म्हणतेय. कित्येक दशकांपासून इथल्या सिक्युरिटी प्रेसमध्ये देशाची टपाल तिकिटं छापली जातात. बांगलादेशच्या निर्वासितांसाठी १५ नोव्हेंबर १९७१पासून पत्रावर पाच पैशांचं जादा तिकीट लावावं लागायचं, त्या काळातली तिकिटंही इथलीच. घरोघरची माणसं फौजेच्या टपालाच्या, ९९ एपीओच्या पत्त्यावर पत्रं टाकत होती. ती पत्रं आणि त्यांची उत्तरं आपल्या जिल्ह्यातच कुठल्या तरी पेटीत, फडताळात, पोटमाळ्यावर आहेत.

तेव्हा ज्यांच्या घरात १९६५चे, १९७१चे मेजर आहेत त्यांना माझी विनंती आहे. त्यांना वही आणि पेन द्या आणि त्यांच्या साहेबांबद्दल लिहायला सांगा. लढाईबद्दल विचारू नका, साहेबांबद्दल विचारा, लढाई आपोआप येते. हात थरथरत असेल तर त्यांनी सांगावं, नातवानं लिहावं, पण शेवटच्या चार ओळी आणि सही त्यांच्या हातची घ्या. शुद्धलेखन तपासू नका. जुनी पत्रं सापडली तर लॅमिनेशन करू नका, त्यानं कागद कायमचा खराब होतो. चिकटपट्टी लावू नका, स्टेपल काढा, घडी उलगडून सपाट ठेवा, मागच्या बाजूला कोपऱ्यात पेन्सिलीनं कुणी कुणाला लिहिलं ते टिपा. फोटो काढून मुलांकडे ठेवा. घरात जपणं जमत नसेल तर आपल्या सार्वजनिक वाचनालयात किंवा बेळगावला मराठा रेजिमेंटल सेंटरला विचारून पाहा. रद्दीत घालू नका. आणि हिंदी किंवा इंग्रजी प्रत करून हवी असेल तर माझ्याकडे आणा. माजी सैनिकांच्या अशा पत्रांचे मी पैसे घेत नाही.